तीस युनिटं, नऊ मिनिटं

आमच्या शाखेत ईटीएफ घ्यायचा तर एक खातं लागतं, एक सही लागते आणि खात्यात पैसे लागतात. च्वांग बी-युन मावशीला याशिवाय देवाची परवानगी, पंचांगातली घटका आणि समोर खुर्चीवर बसवलेला नवरा लागतो. तीस वर्षं मी शेअर दलालीच्या काउंटरवर बसतोय, गिऱ्हाइकांचे नाना नखरे पाहिलेत, पण या बाईनं माझ्या नाकी नऊ आणले. आणि तरी तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपत नाही. का ते सांगतो, जरा दम धरा.

मी सियाव देचुआन. नानतौच्या डोंगरात आमचं गाव आहे. इथे बांबू पिकतो, रताळी पिकतात, आणि बाकी राहिलीत ती म्हातारी माणसं. तरुण पोरं ताइचुंग शहरात गेली, ती मोबाइलवरून शेअर घेतात-विकतात. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा भावफलक आहे, तीस प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, फुकट चहा आहे आणि फुकट एसी आहे. नऊ वाजता बाजार उघडला की म्हातारी मंडळी येऊन बसतात, दीडला बंद झाला की उठतात. फलकावर लाल दिसलं की भाव चढला म्हणून हसतात, हिरवं दिसलं की पडला म्हणून मला शिव्या घालतात. त्यातले निम्मे तर काही घेतही नाहीत नि विकतही नाहीत. निवृत्त लाइनमन आ-काई गेली सहा वर्षं पहिल्या रांगेत बसून मला सल्ले देतोय, त्याच्या खात्यात एक फुटका युआन नाही!

बी-युन मावशी बाजारात बांबूच्या कोंबांचं सूप विकते. वय शहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र तीन माणसांचा. तिचा नवरा वेइ थिएन-सुंग, आम्ही त्याला सुंगकाका म्हणतो, पूर्वी बांबूच्या खुर्च्या बनवायचा. आता त्र्याऐंशीचा आहे आणि तोंडाळ आहे.

चौदा वर्षांपूर्वी सुंगकाकाच्या यकृतात काहीतरी निघालं. डॉक्टरनं मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने, आवराआवर करा. मावशीनं आवराआवर केली नाही. ती सरळ भूमिदेवाच्या देवळात गेली आणि कर्ज मागितलं.

आमचा भूमिदेव कर्ज देतो. सगळ्या गावाला देतो. देवापुढे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला की देव हो म्हणाला. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर देव हसतोय, तुम्ही काय ते समजा. सहाशे युआनपासून मागायला सुरुवात करायची, नाही म्हणाला तर पाचशे, मग चारशे, असं शंभरपर्यंत उतरायचं. मिळालेला पैसा घरात पडू द्यायचा नाही, तो फिरता ठेवायचा, आणि वर्षानं वर भर घालून परत करायचा. लोक धंद्यासाठी घेतात. मावशीनं मागितला तो नवरा राहावा म्हणून. पहिल्याच फेकीला सहाशे मिळाले.

लाल पाकीट घेऊन ती थेट माझ्या काउंटरवर.

"सियाव, हे सहाशे असे कुठेतरी घाल की ते थांबता कामा नयेत. थांबले की सुंग गेला."

"मावशी, सहाशेत काय येतं?"

"ते तू सांग. पगार कशाचा घेतोस?"

मी तिला ईटीएफ समजावला. सगळ्यांना समजावतो तसाच. "एकाच कंपनीचा शेअर घेतलात आणि ती बुडाली तर गेले पैसे. हा म्हणजे जेवणाचा डबा. थोडा भात, थोडं मांस, अंडं, लोणचं. एका युनिटमध्ये चाळीस कंपन्यांचा एकेक घास. शेअरसारखाच बाजारात घ्यायचा, शेअरसारखाच विकायचा."

"आणि त्यातलं अंडं नासलं तर?"

"ते काढून दुसरं घालतात. डबा चालूच."

"म्हणजे डबा मरत नाही?"

त्या दिवशी महिनाअखेर होती. यंत्र-पोलाद कंपन्यांचा एक ईटीएफ फंड होता, त्याचं आमच्या शाखेचं लक्ष्य पुरं व्हायचं होतं, आणि समोर एक बाई सहाशे युआन घेऊन उभी होती. मी म्हणालो, "डबा कसला मरतोय मावशी!" हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

हजार युनिटांचा एक गठ्ठा असतो. त्याच्याखालचं सुटं असेल तर त्या काळी बाजार बंद झाल्यावर दिवसातून एकदाच सौदा जुळायचा. मावशी दुपारी अडीचपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. तीस युनिटं मिळाली. मी दलालीचे वीस युआन कापले तर म्हणते, "देवाच्या पैशावर दलाली? तुझं भलं होईल हो!" पण दिले.

आणि काय सांगू, सुंगकाका मेला नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं. ज्या डॉक्टरनं सांगितलं होतं तो निवृत्त होऊन मुलाकडे गेला, सुंगकाका इथेच. मावशी दरवर्षी सुपाच्या पैशातून देवाला दुप्पट परत करते, आणि ती तीस युनिटं जिथल्या तिथं. भाव चढला तरी विकायची नाहीत, पडला तरी विकायची नाहीत. रोज सकाळी उकडलेली रताळी घेऊन हॉलमध्ये येते, फलकाकडे बघते आणि विचारते, "आहे ना?" मी म्हणतो, "आहे." भाव कितीय हे तिनं चौदा वर्षांत एकदा विचारलं नाही. असं गुंतवणूकदार गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं, असं मी नव्या पोरांना सांगायचो. गाढव होतो.

यंदा मार्चमध्ये पत्र आलं. फंड आक्रसत आक्रसत एवढा लहान झाला होता की चालवणाऱ्या कंपनीला परवडेना. फंड गुंडाळायचा ठरला. अमुक तारखेनंतर बाजारात व्यवहार बंद, मग आतला सगळा माल विकून ज्याचे त्याचे पैसे खात्यात जमा. सर्वसाधारण माणसाला यात काही नुकसान नाही. पण मावशी सर्वसाधारण नाही. तिच्या हिशेबी कंपनी एक तारीख ठरवून तिच्या नवऱ्याला मारणार होती, आणि तसं छापील पत्रही पाठवलं होतं.

ती आली ती पत्र हलवतच. हॉलमधले सगळे उठून उभे राहिले.

"डबा मरत नाही म्हणाला होतास ना? मग हे काय आहे?"

"मावशी, पैसे बुडत नाहीत. सगळे परत येतात."

"परत येऊन काय करू? मला पैसे नकोत, मला तो हवाय! तारीख दिलीय त्यांनी, तारीख! सव्वीस!"

एवढं बोलली आणि खुर्चीवर बसून रडायला लागली. तीन माणसांच्या आवाजात रडली. आ-काईनं तिला चहा दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो फंड बुडवलाय. मला तोंड वर करायची लाज वाटली.

मी म्हणालो, "ऐका. हा विकायचा आणि दुसरा घ्यायचा. पैसा फिरताच राहतो. डबा बदलायचा फक्त."

तिनं डोळे पुसले. "दुसरा कसा आहे? नीट सांग. वय किती?"

"सोळा-सतरा वर्षं."

"अंगानं?"

"भरलेला आहे. लाखो लोकांचे पैसे त्यात आहेत. मावशी, हे लहान फंड मरतात, मोठे सहसा मरत नाहीत."

"सहसा?"

"मोठे सहसा."

"हे त्या वेळी का नाही बोललास?" तिनं पुढे विचारलं, "रोज उठबस आहे ना? का पडून असतो?"

"रोज ढिगानं खरेदी-विक्री होते. विकायचं म्हटलं की गिऱ्हाईक मिळतं. आणि आतल्या मालाची जी किंमत, साधारण तोच भाव. काही डबे आत दहाचं जेवण आणि वर बाराचं लेबल असे असतात, तसा हा नाही."

"खर्चिक?"

"फी कमी आहे."

"घरी काही आणतो?"

"वर्षातून दोनदा लाभांश."

सुंगकाका मागच्या खुर्चीवर होता. तो म्हणाला, "एवढी चौकशी माझी केली असतीस तर लग्न मोडलं असतं."

"तुम्ही गप्प बसा, तुमचंच चाललंय!"

फंड पसंत पडला. पण आधी काय करायचं, घ्यायचं की विकायचं? मी म्हणालो, आधी नवा घ्या, मग जुना विका, मध्ये फट राहणार नाही. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. मावशीच्या दृष्टीनं तो आता सुरू झाला होता. ती देवळात गेली आणि दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आली.

"आधी घेऊ का विचारलं, नाही म्हणाला. बरोबरच आहे, पहिला घरात असताना दुसरा आणला तर लोक काय म्हणतील?"

"बरं, मग आधी विका."

"तेही विचारलं. दोन्ही ठोकळे पालथे. मधल्या वेळात याला कोण धरणार? मग विचारलं, एकाच मिनिटात दोन्ही करू का? तीनदा लागोपाठ हो म्हणाला."

"मावशी, देवाला बाजाराचे नियम माहीत नाहीत."

"मग तू शिकव त्याला. चल देवळात."

देवळात कोण जातंय! तेव्हा मी फार शहाणा होतो. पण एवढं खरं की आता नियम बदललेत. सुट्या युनिटांचे सौदे बाजार चालू असतानाच जुळतात, मिनिटाला एकदा. दोन्ही ऑर्डरी एकाच मिनिटाच्या आत टाकल्या तर दोन्ही एकाच ठोक्याला जुळू शकतात. मी हो म्हणालो. मावशीनं पंचांग बघून मंगळवार काढला, सकाळी दहा वाजून एकवीस.

मंगळवारी शाखा भरली होती. तीस खुर्च्या कमी पडल्या. सुंगकाकाला मधोमध, माझ्या काउंटरला टेकवून बसवलं. आ-काईनं त्याचं मनगट धरलं. मावशीचा हुकूम होता की ते मिनिट सरेपर्यंत नाडी कुणीतरी बघत राहायची.

"मी माणूस आहे की युनिट?" सुंगकाका म्हणाला.

"आज दोन्ही आहात, हलू नका," मावशी म्हणाली.

शाखा व्यवस्थापक फान बाई बाहेर आल्या, गर्दी बघून आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. "सियाव, हे किती युनिटांचं आहे?"

"तीस."

"तीस हजार?"

"तीस."

त्या पुन्हा आत गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

आता माझं ऐका. जुना फंड विकायची ऑर्डर मी टाकली, भाव जरा खालीच टाकला, म्हणजे नक्की जुळेल. तिथे अक्कल चालली. नवा फंड विकणारे पंधरा पॉइंट एकवीसला बसले होते. आणि मी काय टाकलं? पंधरा पॉइंट वीस. तीस वर्षांची सवय! गिऱ्हाइकांना मी कायम सांगतो, मागेल त्या भावाला धावून जाऊ नका, आपला भाव टाका, बाजार येतो खाली. तीस युनिटांवर एकूण वाचणार होता युआनचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. त्यात उकडलेलं रताळंसुद्धा येत नाही. पण हात गेला आणि बोटं चालली.

दहा एकवीस. ठोका पडला. विक्री जुळली. खरेदी जुळली नाही.

"झालं?" मावशीनं विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "झालं मावशी."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे बघत होतो. च्वांग बी-युन, शिल्लक युनिटं शून्य. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आणि समोर तो म्हातारा, कशालाही न बांधलेला.

"नाडी सोडू नकोस," मी आ-काईला म्हणालो.

"झालं ना?"

"सोडू नको म्हणतो ना!"

जुनी ऑर्डर रद्द केली, एकवीसच्या भावाची नवी टाकली. पुढचा ठोका पडेपर्यंत विकणारे तेवीसवर गेले. तीही हुकली. पुन्हा रद्द. मला घाम फुटला. आता पंचवीस टाकतो म्हणून कळ दाबली आणि संगणक बंद पडला. बंद म्हणजे ठार. माउस हलेना, पडदा हलेना.

आणि मग मी तो आवाज ऐकला. कुरुम कुरुम.

आमच्या बेटावर यंत्रांनी नीट वागावं म्हणून त्यांच्या डोक्यावर मक्याच्या फुलवलेल्या खाऊचं हिरवं पुडकं ठेवतात. इस्पितळात ठेवतात, कारखान्यात ठेवतात, बँकेत ठेवतात. देवाचं मला काही माहीत नाही, पण पुडक्याचा विषय वेगळा आहे. माझ्या संगणकावरचं पुडकं सुंगकाकानं मोकळ्या हातानं काढलं होतं, फोडलं होतं, आणि तो मजेत खात बसला होता.

"काका! ते खायचं नसतं!"

"सकाळपासून मला कुणी काही दिलं नाही," सुंगकाका म्हणाला. "नाडी बघतात सगळे, पोट कुणी बघत नाही."

फान बाई किंचाळल्या. "पुडकं खाल्लं? मशीनवरचं?" आणि पर्स घेऊन समोरच्या दुकानात धावल्या. मागून हॉलमध्ये भांडण पेटलं. कुणी म्हणे हिरवंच आणा, यंत्राला हिरवंच लागतं. कुणी म्हणे शेअरच्या दुकानात हिरवं ठेवतात का कधी, हिरवं म्हणजे भाव पडणार, म्हणूनच आपलं वाटोळं झालंय, लाल आणा. दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर गेले.

तेवढ्यात आ-काई ओरडला, "लागत नाही!"

"काय लागत नाही?"

"नाडी! नाडी लागत नाही!"

त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. खरं सांगतो, कुणाला हसायचं असेल तर हसा. मी पदवीधर माणूस आहे. युनिटं आणि यकृत यांचा संबंध नाही हे मला कळतं. पण पडद्यावर ते शून्य गोठून बसलं होतं आणि ते शून्य मी केलं होतं, एका पैशासाठी, आणि बाईला झालं म्हणून सांगितलं होतं. काउंटरखाली मी हात जोडले. म्हणालो, देवा, यात तिची चूक नाही, त्याची नाही, माझी आहे. हा मधला वेळ माझ्या नावावर मांड. हवं ते कर्ज मी घेतो, फेडतो, पण याला आत्ता नेऊ नकोस. एवढी कळकळ मला माझ्या बायकोच्या बाळंतपणातसुद्धा आली नव्हती. ती हे ऐकेल तर माझं काही खरं नाही.

"अरे हात सोड," सुंगकाका आ-काईला म्हणाला. "एका हातानं पुडक्याच्या तळाचं निघत नाही." तो हात सोडवायला ओढत होता, म्हणून नाडी लागत नव्हती. एवढंच.

फान बाई हिरवं आणि लाल, दोन्ही पुडकी घेऊन आल्या आणि एकावर एक ठेवली. संगणक चालू झाला. कुणी म्हणेल तारेत बिघाड होता. म्हणू दे. मी सव्वीस टाकले, मग विचार बदलून तीस टाकले. दहा तीसला सौदा जुळला. तीस युनिटं, शिल्लक तीस. माझा जीव भांड्यात पडला.

"झालं असेल तर मला मुतायला न्या," सुंगकाका म्हणाला.

मावशीनं सौद्याची चिठ्ठी छापून मागितली. हातात धरून दूर नेली, जवळ आणली. "चष्मा घरी राहिला. वेळ वाच बघू."

मी वाचली. "विक्री दहा एकवीस. खरेदी दहा एकवीस."

"एकाच मिनिटात," ती म्हणाली आणि चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली. जाताना माझ्या काउंटरवर दोन रताळी ठेवून गेली. ती मी आ-काईला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दीडला बाजार बंद झाला आणि मी देवळात गेलो. याआधी गेलो होतो तो दलालीच्या परवान्याच्या परीक्षेआधी. कर्जाच्या टेबलामागच्या माणसानं वही उघडली. "कशासाठी घेताय? धंदा?"

"नाही. आहे एक काम."

ठोकळे टाकले. सहाशे मागितले, दोन्ही पालथे. पाचशे, पालथे. चारशेला देव हसला. तीनशेलाही हसला. दोनशे, पालथे. माझ्या पतपात्रतेचा असा पंचनामा आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि तोही चार माणसांसमोर. शेवटी शंभर मागितले. एक पालथा, एक उताणा. टेबलामागच्या माणसानं शंभराचं लाल पाकीट दिलं आणि सही घेतली.

वळलो तर मागे बी-युन मावशी, हातात सुपाचा वाडगा.

"किती मिळाले?"

"शंभर."

"पहिल्यांदा आलास ना, ठीक आहे." तिनं वाडगा पायरीवर ठेवला, एप्रनमधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, मग चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर धरली. "चष्मा घरी होता. घरी गेल्यावर लावला."

"मावशी, माझी चूक झाली. एका पैशासाठी भाव कमी टाकला. वर खोटं बोललो. मला माफ करा."

"नऊ मिनिटं, सियाव. नऊ मिनिटं त्याच्यामागे काहीच नव्हतं. वाचलं तेव्हा तुझ्या दारात येऊन तमाशाच करणार होते. मग त्याच्याकडे बघितलं, तर हा बसून नखं कापतोय. म्हटलं काहीच नव्हतं तर हा राहिला कसा? ते विचारायला इथे आले, तर इथे तू ठोकळे टाकतोयस."

"मी काही केलं नाही मावशी. काउंटरखाली हात जोडले फक्त. मी नुसता घाबरलो होतो."

"किती घाबरलास?"

"खूप. कधीच एवढा घाबरलो नव्हतो."

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"उद्या त्या शंभराची त्याच फंडाची युनिटं घे," ती म्हणाली. "आणि मिळेल त्या भावाला घे मेल्या, पैसे वाचवू नकोस."

"घेतो."

"चौदा वर्षं मी एकटीच घाबरत होते रे," ती म्हणाली. तिचा आवाज एका माणसाचाही नव्हता.

मग तिनं देवासाठी आणलेला वाडगा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, गरम आहे तोवर पी, त्याला दुसरा आणते. मी तिथेच बसून प्यालो.